मोडीचे खिळे पाडविणारे डॉ. विल्यम केरी

देहूरोडच्या आसपासच्या गावांत जुन्या घरांतील पेट्यांत अद्याप मोडी कागद सापडतात. कोणी जमिनीचा, कोणी वतनाचा. घरात वाचणारा उरला नाही, म्हणून काही रद्दीत जातात. असा कागद हाती आला की आम्हांस डॉ. विल्यम केरी यांची आठवण होते. सुवार्तिक म्हणून त्यांस आपल्या मंडळ्यांत सर्व ओळखतात; पण मोडीचे खिळे त्यांच्या छापखान्यात पडले, हे थोड्यांसच ठाऊक असते.

केरीसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. बाप आधी विणकर, मग शाळामास्तर. मुलगा जोडे शिवावयास शिकला आणि जोडे शिवता शिवता अनेक भाषाही शिकला. १७९३ साली ते बंगाल्यात आले व १८०० साली श्रीरामपुरास राहिले. हे श्रीरामपूर कलकत्त्याजवळचे, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नव्हे. पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठीही शिकवू लागले. नागपूरकडील वैजनाथ शर्मा हे पंडित त्यांचे साहाय्यक होते.

१८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण निघाले, ते बाळबोध अक्षरांत. पण हिशेब, पत्रे, दस्तऐवज हे सारे त्या काळी मोडीत चाले. ज्याने वाचावे त्याच्या सवयीचे अक्षर त्यास द्यावे, हे केरीसाहेबांनी ओळखले.

काम सोपे नव्हते. मोडी लिहिणारा आधी रेघ आखतो व तिच्याखाली लेखणी फारशी न उचलता अक्षरे ओढीत जातो. काना, उकार लागला की अक्षराचे रूपच पालटते. खिळा मात्र सुटा! म्हणून एकेका रूपासाठी पोलादावर उलटे अक्षर कोरावे, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करावा आणि साच्यात शिसे ओतावे लागे. ही विद्या छापखान्यात पंचानन कर्मकार यांनी आणिली व त्यांच्यामागे त्यांचे जावई मनोहर यांनी चालविली. १८१० साली केरीसाहेबांचा मराठी कोश मोडी खिळ्यांनी छापून निघाला.

११ मार्च १८१२ रोजी छापखान्यास आग लागली. कागद व कित्येक वर्षांची हस्तलिखिते भस्म झाली, खिळे वितळून गेले. परंतु पोलादी ठसे राखेतून हाती लागले, आणि त्याच शिशाचे खिळे पुन्हा पाडण्यास लागलीच आरंभ झाला. १८१४ साली वैजनाथ शर्मांची सिंहासनबत्तिशी मोडीतच निघाली. ९ जून १८३४ रोजी केरीसाहेब श्रीरामपुरास निवर्तले.

पुढे छापखान्यांत बाळबोध स्थिरावले व विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतूनही गेली. तथापि २०१४ साली युनिकोडने तिच्या अक्षरांस संगणकावर स्थान दिले व आता तिचे फॉन्टही मिळतात. शिसे गेले, पण फॉन्ट घडविणाऱ्यापुढे प्रश्न तोच आहे: रूप पालटणारे अक्षर बांधावे कसे?

वाचकहो, पेटीतील कागद रद्दीत घालू नका. मोडी जाणणाऱ्यास दाखवा. दूरदेशीच्या एका मनुष्याने ज्या अक्षरासाठी एवढा खटाटोप केला, ते आपल्या आज्या-पणज्यांचे अक्षर आपण वाळवीस देऊ नये.