डालड्याच्या डब्यामागचा फ्रेंच प्राध्यापक

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या लोणी देवकरच्या नावातच लोणी आहे. पण इंदापूर तालुक्यात काय किंवा आणखी कुठे काय, लग्नाच्या बुंदीला साजूक तूप एकेकाळी थोड्यांनाच परवडायचे. बाकीच्यांकडे डालड्याचा पिवळा डबा यायचा आणि रिकामा झाला की त्यात तुळस लागायची. पातळ तेल त्या डब्यात घट्ट कसे व्हायचे, याचे मूळ फ्रान्समधल्या तुलूझ शहरात आहे.

पॉल साबातिए यांचा जन्म १८५४ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासॉनचा. पॅरिसला शिकून १८८२ मध्ये ते तुलूझला आले आणि तिथलेच झाले. पुढे सॉर्बोनमधले मानाचे पद चालून आले, तेही त्यांनी नाकारले.

पॅरिसमध्ये मोआसाँ आणि मूरू यांनी निकेलच्या भुकटीवरून ॲसिटिलीन वायू सोडला होता. भुकटी लालबुंद झाली, काजळी जमली. साबातिए यांना यात आणखी काही दडलेले वाटले. हे काम तुम्ही पुढे नेणार आहात का, असे त्यांनी त्या दोघांना आधी विचारले आणि नकार आल्यावरच ते हाती घेतले. जोडीला होते जाँ-बातीस्त सांदरांस, धर्मगुरू आणि रसायनशास्त्रज्ञ. १८९७ मध्ये दोघांनी एथिलीन आणि हायड्रोजन निकेलवरून सोडले, तेव्हा पलीकडे इथेन मिळाला. निकेलने एथिलीनला हायड्रोजन जोडून दिला होता आणि स्वतः जागच्या जागी होते.

१९०१ मध्ये त्यांनी याच रीतीने नायट्रोबेंझिनपासून ॲनिलीन बनवले. रंगांच्या कारखान्यांत तेव्हा यासाठी लोखंडाचा कीस आणि आम्ल वापरत. दर खेपेला लोखंडी गाळाचा ढीग उरायचा. धातूच्या उत्प्रेरकावर हायड्रोजन वापरला, तर सोबत फक्त पाणी तयार होते आणि उत्प्रेरक पुन्हा कामाला येतो. आजच्या हरित रसायनशास्त्राची धडपड याच वाटेवरची. मात्र गंधकाचा अंश लागला तरी निकेल निकामी होते, हेही या जोडीने पाहिले.

साबातिए यांचे स्पष्टीकरण लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखे आहे. निकेल हायड्रोजनला तात्पुरते धरते आणि दुसऱ्याच्या हाती देते. पकड फार घट्ट असेल तर सुटका नाही, फार सैल असेल तर गाठच पडत नाही.

ते स्वतः वायू आणि वाफेवरच काम करत राहिले. तेलात हायड्रोजन मिसळण्याचे पेटंट १९०२ मध्ये जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी घेतले. पुढे कारखान्यांत सच्छिद्र मातीवर पसरलेले निकेल आले. थोड्या धातूत जास्त पृष्ठभाग मिळतो, शिवाय ते तेलातून गाळून परत वापरता येते. १९३० च्या दशकात मुंबईच्या शिवडीत वनस्पती तूप बनू लागले. त्यातली ट्रान्स फॅट हृदयाला घातक, हे कळायला कित्येक दशके गेली. दोष अर्धवट थांबवलेल्या प्रक्रियेचा. पूर्ण हायड्रोजन जोडला तर ट्रान्स फॅट जवळपास उरत नाही. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात तिची मर्यादा २ टक्के आहे.

१९१२ चे नोबेल साबातिए यांना व्हिक्तोर ग्रिन्यार यांच्याबरोबर विभागून मिळाले. शोधनिबंधांवर ज्यांचे नाव बरोबरीने होते, त्या सांदरांस यांना मात्र नाही. नोबेलच्या इतिहासातली ही चूक ठळकच म्हणावी लागेल. सांदरांस १९३७ मध्ये वारले, त्याच वर्षी भारतात डालडा बाजारात आला. साबातिए यांचे निधन १९४१ मध्ये तुलूझलाच झाले.