परीक्षेत नापास झालेले फादर मेंडेल



दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक मुलांना घेऊन भेटायला येतात. कुणी पेढे घेऊन येते, कुणी मान खाली घालून. दुसऱ्या प्रकारच्या पालकांचे एक वाक्य ठरलेले असते. मुलगा तसा हुशार आहे हो फादर, पण त्याच्यात आत्मविश्वासच नाही. मग कुठले तरी शिबीर, कुठला तरी क्लास यांची चौकशी सुरू होते. आधी आत्मविश्वास यावा आणि मग हातून काही चांगले घडावे, अशी आपली समजूत असते. ज्यांच्या बाबतीत हे अगदी उलट घडले, अशा एका धर्मगुरूची जीवनकथा आज सांगावीशी वाटते. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांचे नाव आपण सर्वांनी वाचले आहे. ते नाव म्हणजे ग्रेगोर मेंडेल.

जुलै १८२२ मध्ये मोराव्हियाच्या सीमेवरील हाइन्त्सेनडॉर्फ नावाच्या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. हा भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. बाप्तिस्म्याचे नाव योहान. वडील आन्तोन यांना स्वतःची शेती सांभाळून आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराकडे वेठीला जावे लागे. त्या परिसराचे धर्मगुरू फादर योहान श्रायबर यांना फळबागेचा छंद होता. कलम कसे बांधावे, झाड कसे वाढवावे, हे ते लोकांना आणि शाळेतल्या मुलांना शिकवीत. लहानग्या योहानच्या हाताला मातीची आणि झाडांची सवय लागली ती तिथेच आणि वडिलांच्या बागेत.

मुलगा हुशार निघाला, म्हणून त्याला बाहेरगावी शिकायला पाठवले. पण घरची ऐपत बेताची. वसतिगृहात त्याच्यासाठी अर्ध्याच जेवणाचे पैसे भरता येत. १८३८ मध्ये लाकडाचा ओंडका अंगावर पडून वडील जबर जखमी झाले आणि घरून येणारी मदत जवळजवळ थांबली. तेव्हापासून योहान शिकवण्या करून स्वतःचे पोट भरू लागला. काळजीने आणि उपासमारीने तो आजारी पडला, कित्येक महिने घरी अंथरुणात होता. पुढे ओल्मुत्झला तत्त्वज्ञानाच्या शिक्षणासाठी गेल्यावरही तेच घडले. शिक्षण सुटण्याची वेळ आली, तेव्हा धाकटी बहीण तेरेसिया पुढे आली. आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या हुंड्यातला हिस्सा तिने भावाच्या शिक्षणासाठी दिला. हे ऋण भाऊ विसरला नाही. पुढे तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला त्याने हातभार लावला आणि त्यांतले दोघे डॉक्टर झाले.

१८४३ मध्ये योहानने ब्रुन शहरातील, म्हणजे आजच्या ब्रनोतील, संत थॉमस यांच्या ऑगस्टिनियन मठात प्रवेश घेतला. तिथे त्याला ग्रेगोर हे नाव मिळाले. १८४७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा झाली आणि धर्मग्रामाची सेवा त्यांच्याकडे आली. त्यात इस्पितळातील रुग्णांना भेटी देणेही होते. पण कण्हणारे रुग्ण आणि मृत्युशय्येवरची माणसे पाहून हा तरुण धर्मगुरू इतका व्याकूळ होई की तो स्वतःच आजारी पडला.

इथे मठप्रमुख सिरिल नाप यांचे मोठेपण दिसते. आपल्या या तरुण बंधूला त्यांनी नाकर्ता ठरवले नाही. त्याचा कल अभ्यासाकडे आणि शिकवण्याकडे आहे, हे ओळखून त्यांनी महागुरूंना तसे कळवले आणि १८४९ मध्ये त्याला झ्नाइम येथील शाळेत बदली शिक्षक म्हणून पाठवले. मुलांपुढे उभे राहिल्यावर फादर मेंडेल खुलले. शिक्षक म्हणून त्यांची वाखाणणी झाली.

कायम शिक्षक होण्यासाठी मात्र सरकारी परीक्षा आवश्यक होती. १८५० मध्ये ते व्हिएन्नाला परीक्षेस बसले आणि नापास झाले. नापास झाले तेही निसर्गविज्ञानात! विद्यापीठाचे शिक्षण नसल्यामुळे भूशास्त्र आणि प्राणिशास्त्रातील त्यांची उत्तरे परीक्षकांना पटली नाहीत. मात्र या माणसाला विद्यापीठात शिकू द्यावे, अशी सूचना परीक्षकांपैकीच एकाने केली आणि मठप्रमुखांनी मठाच्या खर्चाने त्यांना व्हिएन्नाला पाठवले. १८५१ ते १८५३ या काळात तिथे ते डॉप्लर यांच्याकडे पदार्थविज्ञान आणि उंगर यांच्याकडे वनस्पतिशास्त्र शिकले. निसर्गातील गोष्टी मोजाव्यात आणि आकड्यांतून नियम शोधावा, ही दृष्टी त्यांना तिथे मिळाली.

१८५६ मध्ये ते पुन्हा परीक्षेस बसले. या वेळी परीक्षा सुरू असतानाच प्रकृती ढासळली आणि ती अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. त्यानंतर त्यांनी परीक्षेचा नाद सोडला. ब्रुनच्या शाळेत १८५४ ते १८६८ अशी चौदा वर्षे ते बदली शिक्षकच राहिले. प्रमाणपत्र त्यांना कधीच मिळाले नाही.

पण त्याच १८५६ साली त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याचे प्रयोग सुरू केले. वाफा केवढा? सुमारे ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद. आपल्याकडे घरामागच्या वाडीत मिरच्या-वांग्यांसाठी जेवढी जागा असते, त्याहून फार मोठा नव्हे. आईबापांचे गुण मुलांत कोणत्या हिशेबाने उतरतात, असा एकच प्रश्न त्यांनी घेतला आणि आठ वर्षे तो सोडला नाही.

सुरुवातही त्यांनी घाईने केली नाही. वाटाण्याचे ३४ प्रकार आणून दोन वर्षे नुसते लावून पाहिले. ज्यांचे गुण पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाहीत असे २२ प्रकार ठेवले. दाणा गोल की सुरकुतलेला, पिवळा की हिरवा, झाड उंच की बुटके, अशी सात लक्षणे निवडली. वाटाण्याच्या फुलात परागीभवन आतल्या आतच होते. म्हणून कळी उमलण्यापूर्वीच ती अलगद उघडायची, चिमट्याने पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावायचे आणि कीटक येऊ नयेत म्हणून फुलाला पिशवी बांधायची. शेंगा तयार झाल्या की सोलायच्या, दाणे निवडायचे, मोजायचे, लिहून ठेवायचे. शाळेतले तास आणि मठातील प्रार्थनेच्या वेळा सांभाळून हे काम चाले. आठ वर्षांत सुमारे २८,००० झाडे त्यांच्या नजरेखालून गेली.

एकच उदाहरण पाहा. गोल दाण्याचा वाटाणा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा यांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. सुरकुती जणू नाहीशी झाली. पण हेच दाणे पेरल्यावर पुढच्या पिढीत एकूण ७,३२४ दाणे मिळाले; त्यांतले ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळजवळ तिनास एक. पिवळ्या-हिरव्या दाण्यांत ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे निघाले. पुन्हा तिनास एक! सातही लक्षणांत हेच प्रमाण दिसले. गुण दुधात पाणी मिसळावे तसे मिसळून जात नाहीत. ते सुटे राहतात, एखाद्या पिढीत झाकले जातात आणि पुढे पुन्हा प्रकट होतात, हे यातून सिद्ध झाले. आजचे आनुवंशशास्त्र याच पायावर उभे आहे.

आता जरा थांबून विचार करू या. दोनदा परीक्षेत अपयशी ठरलेला, माणसांच्या दुःखाने आजारी पडणारा हा धर्मगुरू, भल्याभल्या शास्त्रज्ञांना जे दिसले नाही ते मांडायला कसा धजावला? त्याचा स्वभाव अचानक बदलला नव्हता. त्याच्याजवळ आठ वर्षांच्या नोंदी होत्या. तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांनी शिकवले आणि संत थॉमस अक्वायनस यांनी पुढे विस्ताराने मांडले, की चांगला गुण हा वारंवार केलेल्या कृतीतून अंगी मुरतो. वीणा वाजवूनच माणूस वादक होतो. आत्मविश्वासाचेही तसेच आहे. तो मनाशी ठरवून येत नाही. ठरल्या वेळी, ठरल्या जागी, लहानसे काम पुनःपुन्हा करीत राहिले की तो मागाहून, न बोलावता येतो.

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी फादर मेंडेल यांनी ब्रुनच्या निसर्गविज्ञान मंडळात आपला निबंध वाचला. १८६६ मध्ये तो छापून आला. त्याच्या ४० प्रती त्यांनी स्वतः मागवल्या आणि काही नामवंत शास्त्रज्ञांना पाठवल्या. त्याचे मोल कुणालाही कळले नाही. म्युनिकचे प्राध्यापक नेगेली यांनी उत्तर दिले, पण कामाचे मर्म त्यांच्या लक्षात आले नाही. त्यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या काळात मेंडेल हॉकवीड नावाच्या रानफुलावर प्रयोग करीत राहिले. त्या बारीक फुलांवर भिंगाने काम करून त्यांच्या डोळ्यांना त्रास झाला, आणि वाटाण्याचा नियम तिथे लागूही पडेना. त्या झाडात बी बहुधा परागीभवनाशिवायच तयार होते, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते.

१८६८ मध्ये ते मठप्रमुख झाले. त्यांच्या आयुष्याचा हा भाग फारसा सांगितला जात नाही, पण तो सांगायला हवा. मठाच्या जमिनी, हिशेब, बैठका, एका बँकेचा कारभार, यांत त्यांचा दिवस जाऊ लागला. १८७३ मध्ये नेगेली यांना लिहिलेल्या पत्रात, झाडांकडे आणि मधमाश्यांकडे लक्ष देता येत नाही याची खंत त्यांनी कळवली. १८७४ मध्ये सरकारने मठांवर नवा कर बसवला. तो अन्यायाचा आहे असे त्यांचे मत होते. त्यांनी तो भरायचे नाकारले आणि इतर मठांनी माघार घेतली तरी अखेरपर्यंत ते एकटे भांडत राहिले. बुद्धी तीच होती, बागही तीच होती. पण रोजचा तो तास गेला आणि त्याबरोबर नवी निर्मितीही थांबली. एक सवय मात्र त्यांनी सोडली नाही. हवामानाच्या नोंदी, म्हणजे तापमान, हवेचा दाब, पाऊस, ते शेवटच्या आजारपणापर्यंत ठेवत होते.

६ जानेवारी १८८४ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला. अंत्यविधीच्या मिस्साचे संगीत पुढे जगप्रसिद्ध झालेल्या लिओश यानाचेक यांनी सांभाळले. लोकांनी एक दयाळू मठप्रमुख गेला म्हणून शोक केला. एक महान शास्त्रज्ञ गेला, हे त्या गर्दीला माहीत नव्हते. सोळा वर्षांनी, १९०० मध्ये, द व्रीस, कोरेन्स आणि चेरमाक या तीन शास्त्रज्ञांच्या कामातून तोच नियम पुन्हा पुढे आला, आणि तो एका मठवासीयाने आधीच सांगून ठेवला आहे हे जगाला कळले.

या जीवनातून आपण घरी काय न्यायचे? पहिली गोष्ट पालकांसाठी. मेंडेल यांच्यामागे हुंडा देणारी बहीण होती आणि दोष न देता दुसरे काम देणारे मठप्रमुख होते. नापास झालेल्या मुलाला उपदेशापेक्षा अशा एखाद्या माणसाची गरज असते. एक दार बंद झाले तर त्याचा हात कुठे रमतो, हे घरातल्या कुणीतरी पाहायला हवे.

दुसरी गोष्ट आपल्या सर्वांसाठी. कुणाला कविता लिहायची असते, कुणाला व्हायोलिन शिकायचे असते, कुणाला आजीची जुनी गाणी उतरवून ठेवायची असतात. वेळ मिळाला की करू, धीर आला की करू, असे म्हणत वर्षे जातात. वेळ मिळत नाही, तो राखावा लागतो. मठप्रमुख झाल्यावर मेंडेल यांनाही तो राखता आला नाही. म्हणून काम लहान घ्यावे, जागा आणि वेळ ठरवावी आणि रोज जे केले ते वहीत लिहावे. बेत लिहू नये, केलेले लिहावे. धीर खचेल त्या दिवशी तीच वही उघडून पाहता येते.

आणि कुणी वाहवा केली नाही तर? तर ग्रेगोर मेंडेल यांची आठवण ठेवावी. त्यांचे दाणे कुणी पाहिले नाहीत म्हणून त्यांनी मोजणे सोडले नाही. येत्या आठवड्यात आपल्या घरात अशी एखादी वही सुरू व्हावी, हीच सदिच्छा.

आपला,
धर्मगुरू