दप्तरातील रयत जपणारा संशोधक

राज्यकर्त्यांच्या दप्तरात रयतेचेही आयुष्य दडलेले असते. गोव्यात ते जपणारे थोर इतिहास संशोधक म्हणजे पांडुरंग पिसुर्लेकर. सत्तरी तालुक्यातील पिसुर्ले गावी १८९४ मध्ये त्यांचा जन्म झाला. पोर्तुगीज भाषेवर प्रभुत्व मिळवून त्यांनी १५९५ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी दप्तरखान्याची धुरा दीर्घकाळ वाहिली. व्हाइसरॉयांच्या पत्रव्यवहाराबरोबरच तेथे गावकारी संस्थांचे हिशेब, ख्रिस्ती मठांचे जमाखर्च आणि पाडलेल्या देवळांच्या जमिनींच्या याद्या होत्या. १९५५ मध्ये या संग्रहाची मार्गदर्शिका प्रसिद्ध करून त्यांनी अभ्यासकांना वाट मोकळी करून दिली. १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्ता संपली. १९६९ मध्ये पिसुर्लेकरही गेले. ते कागद मात्र आजही रयतेची साक्ष देत आहेत.