आंजर्ल्याजवळच्या मुर्डीचा मुलगा केंब्रिजमध्ये पहिला! कोण होते रँग्लर परांजपे?

२क्ष + ३य = ६ ही रेषा अक्षांना कुठे छेदते? य शून्य धरला की क्ष ३ येतो, क्ष शून्य धरला की य २. म्हणजे बिंदू (३, ०) आणि (०, २). निर्देशक भूमितीचा हा पहिला धडा. केंब्रिजची 'ट्रायपॉस' म्हणजे गणिताची सर्वांत अवघड परीक्षा. तिथे पहिल्या वर्गात येणारा 'रँग्लर', पहिला येणारा 'सीनियर रँग्लर'.

१८९९ मध्ये हा मान पहिल्यांदाच एका भारतीयाला मिळाला, जॉर्ज बर्टविसल यांच्याबरोबर विभागून. ते होते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. जन्म १६ फेब्रुवारी १८७६, दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याजवळच्या मुर्डीत. महर्षी कर्वे त्यांच्या नात्यातले, तेही गणिताचेच शिक्षक.

केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजची फेलोशिप मिळूनही परांजपे तिथे थांबले नाहीत. पुण्यात परतून १९०२ मध्ये फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि स्वतः गणित शिकवत राहिले. पुढे मंत्री, कुलगुरू आणि ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनरही झाले.

६ मे १९६६ रोजी त्यांचं निधन झालं. दिग्दर्शिका सई परांजपे त्यांची नात. इतकी पदं भूषवली, पण महाराष्ट्राने त्यांच्या नावामागे कायम एकच बिरुद लावलं: रँग्लर.