जमिनीखालचा पाट

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात तीर्थपुरी हे गाव आहे. जायकवाडी धरणाचा डावा कालवा या तालुक्यातून वाहत जातो. कालव्याचे पाणी कोठून येते व कोणाच्या शेतात जाते, हे येथील लहान मुलालाही सांगता येते. कारण पाण्याची वाट सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. परंतु येथील मुले छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहावयास गेली, म्हणजे मात्र विचारात पडतात. पाऊसकाळ चांगला झाला असेल, तर तेथे उंच भिंतीवरून पाणी कोसळत असते आणि खालचा हौद काठोकाठ भरलेला असतो. शेजारून खाम नदी वाहते. पण तिचे पात्र तर खाली, खोलात आहे. मग हे पाणी इतके उंच चढले कसे?

याचे उत्तर त्या भिंतीत नाही. ते जमिनीखाली आहे. शहराच्या उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्यापासून हे पाणी जमिनीखालून, कित्येक किलोमीटरांची वाट चालत येते. उगम उंचावर असल्यामुळे बंदिस्त नळांतून आलेले पाणी आपल्याच दाबाने भिंतीवर चढते. पाणचक्की पुढच्या काळात बांधली गेली. परंतु या नगरात भूमिगत पाण्याची परंपरा ज्याने रुजविली, तो पुरुष म्हणजे मलिक अंबर होय.

मलिक अंबराचा जन्म सुमारे १५४८ साली आफ्रिकेतील इथिओपिया देशात झाला. त्याचे मूळ नाव चापू असे होते. बालपणीच दुर्दैवाने त्याला गाठले. तो गुलाम म्हणून विकला गेला आणि एका बाजारातून दुसऱ्या बाजारात फिरत बगदादला पोहोचला. तेथील धन्याने त्याला शिक्षण दिले व अंबर हे नाव दिले. पुढे तो दक्षिण हिंदुस्थानात आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. चंगीजखान स्वतःही एके काळी गुलाम होता. त्याच्याजवळ राहून अंबराने राज्यकारभार व युद्धकला यांचे बारकाईने निरीक्षण केले. चंगीजखानाच्या मृत्यूनंतर अंबर गुलामगिरीतून मुक्त झाला. त्याच्याजवळ ना घर होते, ना नातलग. होती केवळ बुद्धी आणि हिंमत.

१६०० साली मुघलांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला. निजामशाही बुडाली, असे सर्वांना वाटले. परंतु अंबराने हार मानली नाही. त्याने निजामशाही घराण्यातील एका वंशजाला परांडा येथे गादीवर बसविले आणि राज्याची घडी पुन्हा बसविली. मराठा घोडेस्वारांची पथके हाताशी धरून त्याने मुघलांच्या प्रचंड सैन्याला गनिमी काव्याने जेरीस आणले. मालोजीराजे व शहाजीराजे भोसले हे निजामशाहीचेच सरदार होते. जमिनीचा कस व पीक पाहून सारा ठरविण्याची त्याची पद्धत तर महाराष्ट्रात दीर्घकाळ नावाजली गेली.

१६०८ साली घनसावंगी तालुक्यातीलच जांब या गावी समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६१० साली, अंबराने खडकी या खेड्याच्या जागी नवे नगर वसविण्यास प्रारंभ केला. जागा मोक्याची होती; दौलताबादचा किल्लाही जवळच होता. परंतु हजारो माणसे, घोडे, हत्ती व बागा यांना बारमाही पाणी कोठून आणावयाचे? हा प्रश्न मोठा कठीण होता.

अंबराने डोंगराकडे पाहिले. पावसाचे पाणी डोंगरउतारावर मुरते व जमिनीच्या पोटात साठून राहते, हे त्याला ठाऊक होते. अरबस्तान, इराक व इराण या प्रदेशांत असे मुरलेले पाणी भुयारांतून गावात आणण्याची विद्या फार प्राचीन आहे. अंबराने तीच विद्या खडकीत उपयोगात आणली. डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेल तेथे खोल विहीर खणावयाची, आणि तिच्या तळापासून नगरापर्यंत जमिनीखालून बांधीव पाट न्यावयाचा, अशी ती योजना होती. या पाटाला नहर म्हणतात. अंबराच्या या नहरीचे नाव नहर-ए-अंबरी असे पडले.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. पाटाचा उतार अधिक झाला, तर वेगाने धावणारे पाणी बांधकाम कुरतडते. उतार कमी पडला, तर गाळ साचून पाट तुंबतो. म्हणून मैलोगणती एकसारखा मंद उतार राखावा लागे. ठराविक अंतरावर वरपर्यंत उभी विवरे ठेवीत. त्यांतून हवा खेळे आणि गाळ काढण्यासाठी माणसाला आत उतरता येई. पाणी ओढावयास बैल नव्हते, की उचलावयास चाक नव्हते. केवळ उताराच्या बळावर ते नगरात येई आणि तेथून हौदाहौदांत खेळे. नगरात आलेल्या पाहुण्याला दिसत ती कारंजी, हौद आणि हिरव्यागार बागा. त्यांच्यामागचे श्रम मात्र मातीखाली झाकलेले असत. मातीखाली असल्यामुळेच ते पाणी उन्हाने आटत नसे आणि धुळीने मळत नसे.

नवल असे, की अंबराचे शत्रूही हीच विद्या जाणत होते. मुघलांचे दक्षिणेतील मोठे ठाणे असलेल्या बऱ्हाणपुरातही १६१५ च्या सुमारास अशाच भूमिगत नहरी खोदण्यात आल्या. रणांगणावर एकमेकांचे प्राण घेण्यास सिद्ध झालेले लोक प्रजेची तहान भागविण्यासाठी मात्र एकाच विद्येला शरण गेले होते.

खडकीला सुख फार काळ लाभले नाही. १६१६ साली जालन्याजवळील रोषणगावच्या लढाईत अंबराचा पराभव झाला आणि मुघलांनी खडकीचा विध्वंस केला. १६२१ साली पुन्हा तेच घडले. परंतु दोन्ही वेळा अंबराने नगर पुन्हा उभे केले. १६२४ साली अहमदनगरजवळील भातवडी येथे त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूची वाट चिखलमय केली आणि मुघल व आदिलशाही यांच्या एकत्रित सैन्याचा पराभव केला. १६२६ साली, वयाच्या ऐंशीच्या घरात, त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर खुलदाबाद येथे आहे. ज्या मुघलांशी तो जन्मभर झुंजला, त्यांच्या दरबारातील इतिहासकारालाही त्याची थोरवी मान्य करावी लागली.

१९७१ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात वॉल्ट डिस्ने याच्या नावाचे एक विशाल क्रीडानगर सुरू झाले. तेथे पाहुण्यांना राजवाडे व रम्य रस्ते दिसतात. पण त्यांच्याखाली लांबच लांब मार्ग आहेत. सेवकांची ये-जा व मालाची ने-आण त्या मार्गांनी होते आणि कचराही खालच्याच नळांतून वाहून नेला जातो. पाहुण्यांच्या स्वप्नात व्यत्यय येऊ नये, म्हणून हे सारे झाकलेले असते. अंबराने नहर झाकली ती स्वप्नासाठी नव्हे, पाण्यासाठी. तथापि दोन्हींकडे एक गोष्ट समान आहे: वर जे सुंदर दिसते, ते खाली न दिसणाऱ्या कामावर उभे असते.

परंतु झाकलेल्या वस्तूला एक मोठे भय असते. ते म्हणजे विस्मृतीचे. खडकीचे पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर असे नामकरण झाले. नगर वाढले. जायकवाडीचे पाणी मोठ्या नळांनी घरोघरी आले. पायाखाली नहर आहे, हे लोक विसरले. कोठे तिच्यावर घरे उठली, कोठे पाया खणताना ती फुटली, तर कोठे विवरे बुजली. शत्रूंनी नगर जाळले, तेव्हा ते पुन्हा उभारणारा अंबर होता. विसरलेल्या नहरीला वाली कोण?

नहरीचे काही अवशेष आजही टिकून आहेत. तुम्ही कधी त्या शहरात गेलात, तर हौद व धबधबा अवश्य पाहा. पण क्षणभर पायाखालच्या भूमीचेही स्मरण करा. परक्या देशातून गुलाम म्हणून आलेल्या एका माणसाने या भूमीला आपले मानले आणि तिच्या पोटातून तहानलेल्यांसाठी पाण्याची वाट काढली. ती वाट डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच ती जपण्यासाठी स्मरण हवे.