कोलंबसमागून गेलेला धर्मगुरू

हायस्कूलमधली आपली मुले कोलंबसच्या १४९२ सालच्या सफरीचा धडा शिकतात. त्या सफरीनंतर तेथील मूळ रहिवाशांचे काय झाले, हे सांगताना आपण त्यांना बिशप बार्तोलोमे दे लास कासास यांची ओळख करून द्यायला हवी.

त्यांचा जन्म १४८४ साली स्पेनमधील सेव्हिल शहरात झाला. वडील कोलंबसच्या दुसऱ्या सफरीत होते. १५०२ साली बार्तोलोमेही हिस्पॅनिओला बेटावर गेले. तेथे त्यांना जमीन व राबायला स्थानिक माणसे मिळाली. धर्मगुरू झाल्यावरही त्यांनी ती सोडली नाहीत.

१५१४ साली क्युबा बेटावर पेन्टेकॉस्ट सणाच्या प्रवचनाची तयारी करताना बेनसिराच्या ग्रंथातील एक उतारा त्यांच्या वाचनात आला. गरिबांना लुबाडून वाहिलेले अर्पण देव स्वीकारत नाही, असा त्याचा आशय. ते अंतर्मुख झाले. त्यांनी आपल्याकडची माणसे मुक्त केली आणि पुढे डॉमिनिकन संघात प्रवेश केला. राजदरबारी ते सतत दाद मागत राहिले. स्थानिकांना गुलाम करण्यास मनाई करणारे १५४२ चे कायदे होण्यात त्यांचा मोठा वाटा होता. नंतर ते मेक्सिकोतील चियापासचे बिशप झाले. १५६६ साली माद्रिदमध्ये त्यांचे निधन झाले.

स्थानिकांऐवजी आफ्रिकन गुलाम आणावेत, असे त्यांनी सुचवले होते. त्या चुकीचा त्यांना पुढे तीव्र पश्चात्ताप झाला. तीही आपण मुलांपासून लपवू नये.

आज अर्पण वाहण्यापूर्वी, आपल्याकडे राबणाऱ्याची मजुरी आपण चुकती केली आहे ना, हे आठवून पाहू या.