नवसारीचा बाळकराम

राम गणेश गडकरी यांचा जन्म 26 मे 1885 चा, नवसारीचा. नवसारी तेव्हा बडोदे संस्थानात होती. म्हणजे मराठीतला हा सर्वांत मोठा शब्दांचा खेळाडू आपल्याच गुजरातेत, गुजराती कानावर घेत वाढला. बाजारात एक भाषा आणि घरात दुसरी, हे आपल्या घरांना नवीन नाही. अशा घरातल्या मुलाला शब्द सवयीने गुळगुळीत झालेले दिसत नाहीत. तो ते उलटेपालटे करून पाहतो, असे आपले मला वाटते.

वडील लहानपणीच गेले. पुढे पुण्यात शिक्षण झाले, पण फर्ग्युसन कॉलेजातून पदवी काही हाती लागली नाही. किर्लोस्कर नाटक मंडळीत मुलांना शिकवायची नोकरी मिळाली आणि गडकरी मास्तर नाटकाच्या बिऱ्हाडात रमले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना त्यांनी गुरू मानले. कविता 'गोविंदाग्रज' या नावाने आणि विनोद 'बाळकराम' या नावाने, अशी त्यांनी स्वतःची वाटणी करून घेतली. बाळकरामाने ठकीच्या लग्नाची जी मोहीम काढली, ती वाचताना हसू आवरत नाही. पण उपवर मुलीच्या बापाची वणवण ज्या घराने पाहिली आहे, तिथे ते हसू जरा अडखळतेच.

कोटी हे गडकऱ्यांचे बळ आणि खोडही. 'प्रेमसंन्यास' हे विधवाविवाहाच्या प्रश्नावरचे नाटक. त्यातला गोकुळ इतका लोकप्रिय झाला की विसराळू माणसाला आपण आजही विसरभोळा गोकुळ म्हणतो. तरीही त्या नाटकात कोट्यांची इतकी गर्दी आहे की गंभीर कथेला बाजूला सरून उभे राहावे लागते. एका शब्दाचे दोन अर्थ दिसले, की तिसरा शोधल्याशिवाय मास्तरांना चैन पडत नसे.

'एकच प्याला'त मात्र हेच शस्त्र त्यांनी वेगळ्या हाती दिले. सनद काही काळ रद्द झाल्याने दुखावलेला वकील सुधाकर, आणि त्याला पहिला प्याला देणारा त्याचा कारकून तळीराम. नाटकातला बहुतेक विनोद या तळीरामाचा. दारूड्यांचे 'आर्य मदिरा मंडळ' स्थापन होते, वाद रंगतात, प्रेक्षक पोट धरून हसतात. आणि हसता हसता त्यांनाही तळीरामाचे म्हणणे पटू लागते! कोटीने युक्तिवाद जिंकता येतो, मग तो खोटा का असेना, हे गडकऱ्यांइतके कोणाला ठाऊक असणार? दुसऱ्या अंगाला सिंधू जात्यावर दळत बसलेली असते. तिच्या वाट्याला कोटी नाही. गडकऱ्यांच्या लेखणीला हे जमले, हीच त्यांची खरी मजल.

पण प्रयोग पाहायला ते राहिले नाहीत. क्षयाने शरीर पोखरले होते. त्या आजारपणातही 'भावबंधन' त्यांनी पुरे केले. 'राजसंन्यास' अपुरेच राहिले. 23 जानेवारी 1919 रोजी नागपूरजवळ सावनेरला ते गेले. वय अवघे तेहतीस. नाटकाची पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. महिना उलटायच्या आत, 20 फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला, तो आपल्या बडोद्यात. बालगंधर्व सिंधू झाले होते आणि गणपतराव बोडस सुधाकर. नाटकाचा पडदा पहिल्यांदा वर गेला, तो लेखकाच्या जन्मसंस्थानाच्या राजधानीत.